एकच विष, दोन स्वभाव

कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत काजऱ्याचं झाड मुद्दाम शोधावं लागत नाही. तुकतुकीत पानं, देठापासूनच फुटून टोकाकडे जाणाऱ्या ठळक शिरा आणि पिकल्यावर नारिंगी दिसणारी, टणक कवचाची, संत्र्याएवढी फळं. धनेश पक्षी त्यातला गर खातात, पण माणसं या फळाच्या वाटेला जात नाहीत. गरात चपट्या, वाटोळ्या, राखाडी बिया असतात. दोनेक सेंटिमीटर रुंद, मधोमध किंचित खोलगट, वर रेशमासारखी चकाकणारी लव. वास जवळपास नाही, पण कडूपणा असा की जिभेवरून लवकर जात नाही. हाच कुचला. आयुर्वेदात तो कारस्कर आणि विषतिंदुक या नावांनी येतो. गोमूत्र, दूध, तूप यांत शोधन केल्याशिवाय तिथे तो औषधात घालत नाहीत. आपल्या औषधविषयक नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीतही त्याचं नाव आहे.

काजऱ्याची एक बहीण फिलिपिन्समध्ये असते. तीही स्ट्रिक्नॉस याच प्रजातीतली, पण ही झाडांवर चढणारी दणकट वेल. तिथे गेलेल्या जेझुइट मंडळींनी तिच्या बियांना आपल्या संत इग्नेशियसचं नाव दिलं. गेओर्ग योझेफ कामेल या जेझुइटाने मनिलाहून पाठवलेलं या बियांचं वर्णन १६९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. पुढे १८१८ साली पेल्तिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी याच बियांतून एक पांढरं, स्फटिकरूप, जहाल विष वेगळं केलं. ते स्ट्रिक्निन. काजऱ्याच्या बियांतलं मुख्य विषही तेच.

आता होमिओपॅथीच्या दुकानात जा. काजऱ्यापासून केलेलं औषध ‘नक्स व्होमिका’, फिलिपिन्सच्या वेलीपासून केलेलं ‘इग्नेशिया’. दोन्हींचं मूळ विष एक, पण होमिओपॅथीच्या ग्रंथांत ही दोन अगदी वेगळ्या स्वभावाची माणसं आहेत.

नक्सचा माणूस घाईचा, चिडका, कामात बुडालेला. दिवसभर बैठं काम, चहा-कॉफीचे कपावर कप, रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवण, वर सिगारेट नाहीतर दारू. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि डोक्यात कामाचे हिशेब सुरू होतात. शौचाला जावंसं वाटतं, पण पोट साफ होत नाही. आवाज, उजेड, उग्र वास, गार वारा, काहीच सोसत नाही. हाताखालच्या लोकांवर खेकसणारा साहेब डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नक्सचं चित्र पुरं होतं.

इग्नेशियाचं माणूस दुःख गिळणारं. जवळचं कुणी गेलं, लग्न मोडलं, चारचौघांत अपमान झाला, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. मोठमोठे उसासे येतात, घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो. लक्षणं उलटसुलट असतात. घसा दुखतो, पण घास गिळताना बरं वाटतं. हसता हसता रडू फुटतं. समजूत घालायला कुणी आलं तर नको होतं आणि तंबाखूचा धूर तर मुळीच चालत नाही.

ही वर्णनं ज्याने कुणी पहिल्यांदा वाचली असतील त्याला आपल्या घरातली दोन-तीन माणसं आठवली असतील. होमिओपॅथीची अर्धी जादू या ओळखीत आहे. ही चित्रं आली कुठून, बाटलीत वनस्पती किती उरते आणि बरं वाटतं ते कशामुळे, या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. बहुतेक वाद या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

सिंकोनाच्या सालीपासून सुरुवात

साम्युएल हानेमान १० एप्रिल १७५५ रोजी जर्मनीतल्या माइसेन गावी जन्मला. वडील चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढायचे. डॉक्टर झाल्यावर काही वर्षांतच त्या काळच्या वैद्यकाला तो विटला. रक्त काढणं, जुलाब देणं, पाऱ्याची औषधं पाजणं, हेच तेव्हाचे मुख्य उपाय. रोगी कित्येकदा रोगाऐवजी उपचारानेच जायचा. हानेमानने दवाखाना गुंडाळला आणि भाषांतरं करून तो पोट भरू लागला.

१७९० साली तो स्कॉटिश डॉक्टर विल्यम कलनच्या औषधीग्रंथाचं भाषांतर करत होता. हिवतापावर सिंकोनाची साल चालते, कारण ती कडू-तुरट असल्यामुळे पोटाला बळ देते, असं कलनचं म्हणणं. हानेमानला ते पटलं नाही. त्याने स्वतःच ती साल चार-चार ड्रॅम दिवसातून दोनदा घेऊन पाहिली. हातपाय गार पडले, छाती धडधडली, अंग मोडून आलं. हिवताप आल्यासारखंच झालं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की निरोगी माणसात जे द्रव्य एखाद्या रोगासारखी लक्षणं उभी करतं, तेच द्रव्य तो रोग बरा करतं. १७९६ साली त्याने हा विचार लेखात मांडला आणि १८१० साली ‘ऑर्गानॉन’ या ग्रंथात त्याचं शास्त्र उभं केलं. आपल्याकडे काट्याने काटा काढतात, त्यामुळे हा नियम मराठी मनाला चटकन पटतो.

पण ज्या सालीवर हा नियम उभा राहिला, तिची पुढची गोष्ट वेगळीच निघाली. स्ट्रिक्निन वेगळं करणाऱ्या पेल्तिए आणि कावाँतू यांनीच १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. १८८० साली लाव्हराँला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात परजीवी दिसला. १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात तोच परजीवी शोधला. क्विनीन हिवताप बरा करतं ते त्या परजीवीला मारून. हिवतापासारखी लक्षणं उभी करण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि क्विनीन घेणाऱ्या बहुतेकांना तशी लक्षणं येतही नाहीत.

चित्र कसं तयार झालं

हानेमान स्वतः, त्याचे विद्यार्थी आणि घरची माणसं निरनिराळ्या वनस्पती थोड्या प्रमाणात घ्यायची आणि जे जे होईल ते लिहून ठेवायची. होमिओपॅथ याला ‘प्रूव्हिंग’ म्हणतात. त्याशिवाय विषबाधेच्या जुन्या नोंदी त्याने गोळा केल्या. या दोन्हींतून लक्षणांचे जाडजूड ग्रंथ तयार झाले. ते म्हणजे मटेरिया मेडिका.

यातला काही भाग अस्सल विषशास्त्र आहे, हे मान्य करायला हवं. आपल्या मज्जारज्जूत ग्लायसीन नावाचं रसायन स्नायूंना आवर घालण्याचं काम करतं. स्ट्रिक्निन त्याचीच जागा अडवतं. आवर सुटला की साध्या स्पर्शाने, दार आपटल्याच्या आवाजाने, दिवा लागल्यानेही सबंध अंग ताठ होऊन झटके येतात. नक्स आणि इग्नेशिया या दोन्ही चित्रांत आवाज-उजेड सोसत नाही, पेटके येतात, घसा आवळल्यासारखा होतो, ही लक्षणं आहेत. ती कुणी कल्पनेने रचलेली नाहीत. बेलाडोना या विषारी वनस्पतीचंही तसंच. चेहरा लालबुंद, बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडं, अंग भाजणारं, बडबड, भास. हे तिच्यातल्या अॅट्रोपिन या विषाच्या बाधेचं हुबेहूब वर्णन आहे. आपल्या धोतऱ्याची बाधा पाहिलेल्या कुणालाही ते ओळखता येईल. अॅकोनाइट, म्हणजे आपल्या बचनागाचा युरोपातला भाऊबंद. त्याच्या चित्रात ओठ-बोटांना मुंग्या, छातीत धडधड आणि ‘आता मी मरणार’ अशी भीती आहे. बचनागाच्या विषबाधेतही मुंग्या येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

पण एकाच स्ट्रिक्निनमधून चिडका साहेब आणि उसासे टाकणारी विधवा अशी दोन माणसं निघतील कशी? तो भाग विषशास्त्रातून आलेला नाही. औषध घेतल्यावर आठवडाभर माणूस स्वतःकडे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिला तर त्याला काही ना काही होतंच. कुठे खाज, कुठे उदासी, कुठे विचित्र स्वप्न. यातलं औषधामुळे काय आणि एरवीही झालं असतं ते काय, हे वेगळं काढायचं तर काहींना औषध आणि काहींना नुसतं पाणी द्यायला हवं, आणि कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळता कामा नये. हानेमानच्या प्रूव्हिंगमध्ये ही सोय नव्हती.

ती सोय त्याच्या हयातीतच एकदा झाली. १८३५ साली न्यूरेंबर्ग शहरात योहान याकोब रॉयटर या होमिओपॅथने आव्हान दिलं की, आमचं अतिविरल मीठ घ्या आणि काय होतं ते पाहा. गावातली मंडळी एका खानावळीत जमली. शंभर कुप्या घेतल्या, त्यांना क्रमांक दिले, चांगल्या मिसळल्या. निम्म्यांत बर्फाचं शुद्ध पाणी आणि निम्म्यांत तिसाव्या पायरीपर्यंत विरल केलेलं मीठ भरलं. कोणत्या क्रमांकात काय, ती यादी मोहोरबंद. पन्नास जणांनी तीन आठवड्यांनी हकिगत सांगितली. ४२ जणांना काहीच वेगळं वाटलं नव्हतं. ज्या आठांना काही जाणवलं, त्यांतल्या पाच जणांनी मिठाची कुपी घेतली होती आणि तिघांनी नुसतं पाणी. आजच्या औषध चाचण्या ज्या पद्धतीने होतात, तिचं हे फार जुनं आणि फार देखणं उदाहरण आहे.

दहाव्या पायरीला अठरा रेणू

सुरुवातीला हानेमान औषधं नेहमीच्याच मात्रेत द्यायचा. त्याने रोग्यांना त्रास व्हायचा म्हणून तो मात्रा कमी करत गेला, आणि पुढे त्याला वाटू लागलं की जितकं विरल तितकं औषध प्रभावी. पद्धत अशी: वनस्पतीचा अल्कोहोलमधला अर्क, म्हणजे मदर टिंक्चर, त्याचा एक भाग घ्यायचा आणि ९९ भाग अल्कोहोल-पाण्यात घालायचा. मग बाटली चामडी बांधणीच्या पुस्तकासारख्या कशावर तरी आपटून जोरात हलवायची. ही पहिली पायरी. या मिश्रणाचा एक भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत घातला की दुसरी. दुकानातल्या बाटलीवरचा ‘३०’ हा आकडा म्हणजे हे तीस वेळा केलेलं आहे. ‘२००’ म्हणजे दोनशे वेळा, ‘१ एम’ म्हणजे हजार वेळा. ‘एक्स’ असेल तर दर पायरीला शंभराऐवजी दहापट विरलन. ‘क्यू’ लिहिलेलं असेल तर ते मदर टिंक्चर, म्हणजे वनस्पतीचा अर्कच.

आता हिशेब करून पाहू. काजऱ्याच्या बीत अल्कलॉइडं जेमतेम दोन-तीन टक्के असतात, पण आपण सढळ हाताने एक ग्रॅम शुद्ध स्ट्रिक्निन घेऊन सुरुवात करू. त्यात अठरावर वीस शून्यं इतके रेणू असतात. दर पायरीला शंभरावा भाग पुढे जातो, म्हणजे आकड्यातली दोन शून्यं गळतात. दहाव्या पायरीला वीसही शून्यं संपली आणि हातात अठरा रेणू उरले. अकराव्या पायरीच्या बाटलीत एखादा रेणू सापडण्याची शक्यता पाचात एक. बाराव्या पायरीला पाचशेत एकाहूनही कमी. त्यापुढे अठरा पायऱ्या आपण नुसतं अल्कोहोल-पाणी अल्कोहोल-पाण्यात मिसळत असतो. अखेरीस त्याचे थेंब साखरेच्या गोळ्यांवर टाकतात आणि तेही उडून जातात.

हानेमानला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. अॅव्होगाड्रोने रेणूंविषयीचा आपला विचार १८११ साली मांडला होता, पण ठरावीक द्रव्यात रेणू किती याचा पहिला अंदाज लोशमिटने १८६५ साली केला. हानेमान १८४३ सालीच पॅरिसमध्ये वारला होता. आजच्या होमिओपॅथांना मात्र हा हिशेब माहीत आहे. त्यांच्यातले काही जण ‘पाण्याची स्मृती’ मानतात, काही जण अतिसूक्ष्म कणांविषयी बोलतात. यातलं कुठलंच स्पष्टीकरण निरनिराळ्या प्रयोगशाळांत पुनःपुन्हा सिद्ध होऊन शास्त्रज्ञांच्या गळी उतरलेलं नाही.

मनाची दालनं

तरीही या चित्रांचं दालन वाचनीय आहे. पल्सॅटिला हे युरोपातल्या माळरानावरचं जांभळट, खाली मान घातलेलं फूल. त्याचं माणूस मृदू, चटकन रडणारं, कुणी जवळ घेतलं की निवणारं, तहान न लागणारं, उघड्या हवेत बरं वाटणारं. कॅमोमिला म्हणजे दात येणारं, किरकिरं मूल. जे मागेल ते दिलं की भिरकावतं आणि कडेवर घेऊन फिरवलं तरच गप्प बसतं. जेल्सेमियम परीक्षेच्या वर्गाबाहेर उभं असतं. पाय थरथरतात, पापण्या जड होतात, पाठ केलेलं आठवत नाही. कॉफिया म्हणजे कॉफीच. आनंदाने, विचारांच्या गर्दीने झोप उडालेल्याला ती विरल करून देतात. आर्निका मुका मार लागलेल्याला, ज्याला अंथरूणही टोचतं. आणि अॅलियम सेपा म्हणजे आपला कांदा. तो चिरताना नाका-डोळ्यांतून जे वाहतं, तशा सर्दीवर. भारतीय होमिओपॅथांनी यात अडुळसा, तुळस, कुडा, जांभूळ, सर्पगंधा यांची भर घातली आहे.

मनाच्या लक्षणांना सर्वांत वरचं स्थान दिलं ते अमेरिकेतल्या जेम्स टायलर केंटने. त्याचा लक्षणकोश आजही भारतातल्या होमिओपॅथांच्या टेबलावर असतो, आता बहुधा संगणकात. मुंबईतले डॉ. राजन संकरन यांनी एक पाऊल पुढे टाकलं. वनस्पतीच्या प्रत्येक कुळामागे एक मूळ संवेदना असते, अशी मांडणी त्यांनी केली. नक्स, इग्नेशिया, जेल्सेमियम यांच्या लोगॅनिएसी कुळाची संवेदना म्हणजे धक्का आणि निराशा. कल्पना आकर्षक आहे. अडचण अशी की वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९४ साली जेल्सेमियमला त्या कुळातून काढून स्वतंत्र कुळ दिलं. वनस्पतींची नाती फुलांच्या रचनेवरून आणि जनुकांवरून ठरतात, माणसाच्या मनःस्थितीवरून ठरत नाहीत.

भावनांच्या बाबतीत याहून पुढे गेला तो एडवर्ड बाख. लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयात काम केलेल्या या डॉक्टरने १९३० साली शहर सोडलं आणि १९३६ साली मरेपर्यंत ३८ ‘पुष्पौषधी’ तयार केल्या. फुलं झऱ्याच्या पाण्यात घालून उन्हात ठेवायची, नाहीतर उकळायची, आणि ते पाणी ब्रँडीत टिकवायचं. शरीराची लक्षणं इथे बाजूलाच ठेवली. फक्त मनाचा भाव पाहायचा. आत्मविश्वास नसेल तर लार्च, मनात सल असेल तर विलो, धक्का बसला असेल तर स्टार ऑफ बेथलेहेम. उतावळ्या माणसासाठी त्याने निवडलेलं फूल म्हणजे हिमालयातून इंग्लंडात गेलेला तेरडा. गौरीपुढे आपण जो तेरडा ठेवतो त्याचाच तो भाऊबंद. शेंगेला हात लागताच बिया चहूकडे उडवणारा. या औषधींच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २०१० साली घेतला. नुसत्या पाण्यापेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत.

मग बरं का वाटतं?

होमिओपॅथीच्या चाचण्या झाल्या नाहीत असं नाही. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये ८९ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात होमिओपॅथीच्या बाजूने कौल दिसला, पण कुठल्याही एका आजारात ती निश्चित उपयोगी आहे असं लेखकांना म्हणता आलं नाही. पुढे त्यांनीच दाखवलं की चाचणी जितकी काटेकोर, तितका परिणाम लहान. २००५ साली त्याच नियतकालिकात होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक वैद्यकाच्या ११० चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांपुरतं पाहिल्यावर होमिओपॅथीचा परिणाम नुसत्या साखरेच्या गोळीपाशी आला. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ६१ आजारांचा पुरावा तपासला. एकाही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला मिळाला नाही. होमिओपॅथांनी या अहवालाच्या निकषांवर जोरदार आक्षेप घेतले. पण त्यानंतरही चित्र पालटलं नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१७ साली ही औषधं लिहून देऊ नयेत असं सांगितलं. फ्रान्सने २०२१ पासून त्यांच्या खर्चाची भरपाई बंद केली.

आणि तरीही तुमच्या-माझ्या ओळखीत ‘मला होमिओपॅथीनेच गुण आला’ म्हणणारे दहा जण निघतील. ते खोटं बोलत नाहीत. सर्दी, अंगावरचं पित्त, अर्धशिशी, पाळीतली चिडचिड, दुःख, ही सारी दुखणी चढतात-उतरतात. माणूस डॉक्टरकडे जातो ते बहुतेक वेळा चढावर असताना. उतार मग औषधाच्या नावावर जमा होतो. शिवाय एक गोष्ट होमिओपॅथीत खरोखर घडते. तिथे ऐकून घेतात.

पहिल्या भेटीतले प्रश्न आठवून पाहा. तहान किती, पाणी घोटघोट पिता की तांब्याच रिकामा करता? घाम कपाळावर येतो की मानेवर? झोपेत पाय पांघरुणाबाहेर काढता का? स्वप्नं कसली पडतात? कुणी समजूत घातली तर बरं वाटतं की राग येतो? सासरी आल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं? तासभर कुणीतरी आपल्या आयुष्याबद्दल विचारतंय, मध्ये न तोडता लिहून घेतंय. सरकारी बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभं राहून दोन मिनिटांत चिठ्ठी घेणाऱ्या बाईला हे कधी मिळालं असणार?

या ऐकून घेण्याचाच परिणाम इंग्लंडमधल्या एका चाचणीने मोजला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संधिवाताचे ८३ रोगी होते. त्यांचे नेहमीचे उपचार चालूच ठेवले होते. काहींना होमिओपॅथचा सविस्तर सल्ला मिळाला, काहींना नाही. औषधाच्या जागी काहींना खरी गोळी मिळाली, काहींना नुसती साखरेची. सल्ला मिळालेल्यांना फरक पडला. गोळी खरी की खोटी, याने काहीच फरक पडला नाही. नक्स-इग्नेशियाच्या सगळ्या चर्चेचं सार मला या चाचणीत दिसतं. वनस्पतींची चित्रं खरं तर माणसाला प्रश्न कसे विचारावेत याची फार चांगली यादी आहेत. बाटलीतल्या गोळीने त्यात भर पडत नाही.

आपल्याकडे

भारतात होमिओपॅथी आली ती महाराजा रणजितसिंहांच्या दरबारात, १८३९ साली, योहान मार्टिन होनिगबर्गर या ट्रान्सिल्व्हेनियातल्या डॉक्टरबरोबर. महाराज त्याच वर्षी वारले, पण चिकित्सा टिकली. १८६७ साली कलकत्त्यातले नामवंत एमडी डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी जाहीरपणे होमिओपॅथी स्वीकारली आणि त्यांना सहकाऱ्यांचा बहिष्कार सोसावा लागला. याच सरकारांनी १८७६ साली विज्ञान संशोधनाची संस्था काढली. सी. व्ही. रामन यांचं नोबेल मिळवणारं काम तिथेच झालं. आज देशात होमिओपॅथीला कायद्याने मान्यता आहे. साडेपाच वर्षांचा बीएचएमएस अभ्यासक्रम आहे आणि महाराष्ट्रातल्या कित्येक वस्त्यांत पहिला डॉक्टर हा अभ्यासक्रम केलेलाच असतो. त्याला माणसाचं शरीर कळतं, रोगही कळतात. चांगला होमिओपॅथ धोक्याचं लक्षण दिसताच रोग्याला रुग्णालयात पाठवतो, हे अनेकांनी अनुभवलेलं असेल.

‘होमिओपॅथीला साइड इफेक्ट नाही’ या वाक्यापाशी मात्र सावध राहायला हवं. तीस-दोनशेच्या गोळीत अपाय करणारं काही नसतं, कारण काहीच नसतं. पण ‘क्यू’ किंवा १ एक्स, २ एक्स, ३ एक्स लिहिलेल्या बाटलीत वनस्पती खरोखर असते. काजरा, बेलाडोना, बचनाग यांच्या बाबतीत याचा अर्थ विष असा होतो. अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण कमी-जास्त, काही गोळ्यांत लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी अधिक आढळलं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० पासून पालकांना वारंवार इशारे दिले. मोठा अपाय होतो तो मात्र गोळीने नव्हे, गमावलेल्या वेळाने. मधुमेहाचं इन्सुलिन, दम्याचा पंप, अपस्माराच्या गोळ्या, रक्तदाबाचं औषध, गाठीची तपासणी, हे ‘मुळापासून बरं होईल’ या भरवशावर कधीही थांबवू नये.

मनाच्या दुखण्याला हे जास्तच लागू आहे. माणूस गेल्यावर उसासे येणं, घशात गोळा येणं हा आजार नाही. त्याला वेळ आणि माणसं लागतात. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर इग्नेशिया घेऊन वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तेही जमत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, फोन चोवीस तास आणि विनाशुल्क, मराठीतही बोलता येतं.

होमिओपॅथकडे जात असाल तर औषधाचं नाव आणि आकडा कागदावर लिहून मागा. नावाशिवायची पुडी घेऊ नका. आधीची औषधं चालू आहेत हे त्यांना सांगा, आणि त्या औषधांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ती बंद करू नका. बाटलीवरचा आकडा बाराच्या वर असेल आणि त्यापुढे ‘एक्स’ नसेल तर आत काजरा नाही, इग्नेशियाही नाही. आहे ती साखर.